कोंबडीचा विषाणू, उंदराची गाठ

प्रश्न : स्तनाचा कॅन्सर शरीरभर कसा पसरतो हे शोधायला उंदरांना विषाणू टोचतात म्हणे. हे आगीत तेल ओतणं नाही का? आणि उद्या तोच विषाणू माणसाला चिकटला तर?

उत्तर : विषाणूला एक काम पक्कं जमतं : पेशीत शिरायचं आणि आपली जनुकं तिच्या गळ्यात मारायची. संशोधक त्याचा हाच गुण राबवतात. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये पेटन राऊस यांना कोंबडीच्या गाठीतून एक विषाणू मिळाला होता. त्यातलं कॅन्सर घडवणारं ‘एसआरसी’ जनुक काढलं की रिकाम्या जागी हवं ते जनुक बसवता येतं. या वाहकाला ‘आरकॅस’ म्हणतात. मात्र उंदराच्या पेशीत त्याला शिरकावच नसतो. म्हणून आधी कोंबडीतलं ‘टीव्हीए’ हे दार उंदराच्या स्तनपेशींवर बसवतात आणि मग बोंडातून बारीक सुईने विषाणू दूधनलिकेत सोडतात. यी ली आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांच्या गटाने २००६ मध्ये हे करून दाखवलं. लागण मोजक्याच पेशींना होते, आणि हवं असतं तेच! बाईच्या स्तनातही निरोगी पेशींच्या गर्दीत एखादीच पेशी आधी बिघडते.

गाठ होणं वेगळं आणि पसरणं वेगळं, हे मला यातलं खरं महत्त्वाचं वाटतं. रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने २००४ मध्ये उंदराच्या कॅन्सरपेशींतलं ‘ट्विस्ट’ जनुक दाबून टाकलं. गर्भ घडताना पेशींना जागा सोडायला लावणारं हे जनुक. ते दबल्यावर स्तनातली गाठ वाढतच राहिली, फुफ्फुसातल्या गाठी मात्र घटल्या.

गाठीतून पळालेल्या पेशींचा माग काढायलाही विषाणूच कामी येतो. त्याच्याकरवी पेशीत काजव्याचं ल्युसिफरेज जनुक घालतात. मग ल्युसिफेरिन हे त्याच्या जोडीचं रसायन टोचलं की जिवंत उंदराच्या अंगातून अंधूक उजेड येतो आणि कॅमेरा तो टिपतो.

आता तुमची धास्ती. सस्तन प्राण्यांच्या पेशीत आरकॅसची पिलावळ वाढत नाही, त्यामुळे त्याची भीती नको. या कामात लेंटिव्हायरसही वापरतात. तो बहुधा एचआयव्हीपासून बनवलेला असतो आणि माणसाच्या पेशीत शिरू शकतो. त्याची वाढीची जनुकं काढलेली असली, तरी हातमोजे चढवून, सुरक्षा-कपाटातच तो हाताळतात. हाताळणाऱ्याला सुई टोचण्याचा धोका तिथे खरा असतो.