शेलच्या स्टार्टअप फाइलबद्दल

चि. ओंकार यास,


तू पाठवलेली पायथनची स्टार्टअप फाइल वाचली. मेहनतीने लिहिली आहेस. पण हाताची सोय आणि कोडची गरज या दोन्ही गोष्टी तू तिच्यात एकत्र कोंबल्या आहेस. त्या वेगळ्या कर, एवढंच मला सांगायचं आहे.

‘पायथनस्टार्टअप’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये फाइलचा पत्ता दिला, की शेलचा पहिला प्रॉम्प्ट दिसण्याआधी ती चालते. तिच्यातले इम्पोर्ट आणि फंक्शन्स तुला आयती मिळतात. स्क्रिप्ट चालवताना मात्र पायथन या फाइलकडे बघतसुद्धा नाही. शेलमध्ये बिनतक्रार चाललेला तुझा कोड सहकाऱ्याकडे ‘नेमएरर’ देतो, तो यामुळेच. पांडाज तुझ्या फाइलने आणलं होतं, कोडने नाही.

‘नेमएरर’ निदान ओरडून सांगतो. नमपायमधलं सगळं तारांकन लावून इम्पोर्ट करणारी तुझी ती ओळ गप्प राहून घात करते. पायथनच्या स्वतःच्या ‘सम’ला 0 ते 4 हे आकडे आणि पुढे उणे 1 दिलास, तर बेरीज उणे 1 पासून सुरू होऊन उत्तर 9 येतं. नमपायचं ‘सम’ त्याच उणे 1 ला अक्ष समजतं आणि 10 देतं. एरर नाही, इशारा नाही. ती ओळ आजच काढ.

टॅब दाबून नावं पुरी करणाऱ्या ओळीही आता नकोत, 3.4 आवृत्तीपासून ती सोय आणि जुन्या कमांडची हिस्टरी मुळातच मिळते. डेटाबेसचा पासवर्ड तिथे ठेवणं तर सरळ चूक आहे. प्रॉम्प्टचं रूप, मोठी डिक्शनरी नीट मांडून दाखवणं, तुझी दोन-चार छोटी फंक्शन्स, हे खुशाल ठेव.

या फाइलला मी कमी लेखत नाही बरं. कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्राचा प्रबंध लिहीत असताना, 2001 मध्ये, फर्नांडो पेरेझने क्रमांक असलेले प्रॉम्प्ट आणि आधीची उत्तरं जपून ठेवण्याची सोय हवी म्हणून अशीच एक स्टार्टअप फाइल लिहिली. 259 ओळींची. तेच पहिलं आयपायथन. त्यातून पुढे नोटबुक आलं, 2014 मध्ये ज्युपिटर झालं. त्याने काय केलं ते बघ: फाइल मोठी होताच तिचं वेगळं, नाव असलेलं, कोणालाही इन्स्टॉल करता येईल असं साधन बनवलं. तुझी ती तारखा साफ करणारी फंक्शन्स चांगली आहेत. त्यांचं मोड्यूल कर आणि जिथे लागतील तिथे इम्पोर्ट कर.

शेल उघडताना उणे चिन्ह आणि कॅपिटल ई दिलास, की पायथन आपली सगळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स बाजूला ठेवतं आणि तुझी फाइल चालत नाही. यापुढे कोड कोणाच्या हाती देण्याआधी अशा कोऱ्या शेलमध्ये तो एकदा चालवून बघत जा.

तुझी,
मावशी