आकसणारी रेघ आणि 360 अंशांचा हिशेब

कागदावर एक बंद रेघ काढा. कितीही वेडीवाकडी चालेल, फक्त तिने स्वतःला कापता कामा नये. आता नियम एकच. रेघेचा प्रत्येक बिंदू रेघेशी काटकोनात, वळण ज्या बाजूला आहे तिकडे सरकतो. वेग तिथल्या वक्रतेइतका. (कॉन्व्हेंटमुळे माझ्या तोंडी कर्व्हेचरच येतं, पण वक्रता हा शब्द जास्त गोड आहे.) त्यामुळे बाहेर आलेली टोकं आत जातात, खाचा भरतात आणि लांबी घटत राहते.

शेवटी काय होतं? गेज आणि हॅमिल्टन यांनी 1986 साली दाखवलं, की कुठेही खाच नसलेली रेघ गोल होत होत एका बिंदूत संपते. 1987 मध्ये ग्रेसनने त्यावर कडी केली. चकलीसारख्या गुंडाळलेल्या आकाराची कडसुद्धा स्वतःला न कापता आधी उलगडते, मग तशीच गोल होऊन संपते! ती सिद्धता भयंकर अवघड आहे.

पण किती वेळात संपते, हे फर्स्ट इयरवालाही काढेल. कार्टर रोड, बँडस्टँड, हिल रोड, लिंकिंग रोड करत, आपलाच रस्ता न कापता पुन्हा कार्टर रोडला या. डावी वळणं अधिक, उजवी उणे. निघालात त्याच दिशेला तोंड केलंत की बेरीज बरोब्बर 360 अंश, म्हणजे दोन पाय रेडियन (चालायचे पाय नव्हेत!). वक्रता म्हणजे दर एकक लांबीला होणारं वळण, म्हणून पूर्ण रेघेवर तिची बेरीज नेहमी तेवढीच. आणि क्षेत्रफळ घटण्याचा दर म्हणजे हीच बेरीज! त्रिज्या 10 असलेल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ 314; भागिले 6.28, म्हणजे वेळ 50. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या चकलीलाही 50च.

आता मटेरियल्सच्या लॅबमध्ये या. अ‍ॅनीलिंग करताना धातूच्या कणांच्या सीमा साधारण याच नियमाने सरकतात. मलिन्सने 1956 मध्ये सपाट थरासाठी त्याचं गणित मांडलं. तीन सीमा 120 अंशांत भेटतात, म्हणून कणाच्या प्रत्येक कोपऱ्यावर 60 अंशांचं वळण आयतंच खर्च होतं. बाजूंच्या वाट्याला उरतं 360 वजा कोपऱ्यांचे साठ-साठ. पाच बाजू असतील तर 60 उरले, कण आकसणार. सहा असतील तर शून्य, क्षेत्रफळ जैसे थे. सात असतील तर उणे 60, कण वाढणार. कण केवढा आहे याला काडीची किंमत नाही!

लॅबमधला नमुना मात्र जाड तुकड्याचा छेद असतो, तिथे बाजू मोजून पैज लावू नका. पैजच लावायची तर दोन काचांमध्ये साबणाचा फेस धरा. त्याच्या बुडबुड्यांसाठी हाच सहाचा नियम फॉन नॉयमनने 1952 मध्येच दिला होता.