बांबूच्या दहा कांड्या

पोळ्याचा दुसरा दिवस. आपल्या गोंदिया भागात हा तान्ह्या पोळ्याचा दिवस. लहान पोरे चाकांचे लाकडी बैल ओढत घरोघर जातात. लोक त्यांना बोजारा देतात. कोणी पैसे देतो, कोणी खाऊ देतो.

पाच वर्षांचे एक पोर बोजारा घेऊन घरी आले. आबाजींनी विचारले, "किती नाणी जमली रे बाळा?"

पोर भराभर म्हणू लागले, "एक, दोन, तीन, चार..." तोंड दहावर गेले, तरी बोट तिसऱ्याच नाण्यावर होते!

आबाजी हसले. पण मनात म्हणाले, 'याला आकडे पाठ झाले, मोजणे आले नाही.'

असे पुष्कळ लेकरांचे होते. पुढे शाळेत बेरीज समजत नाही. मग पोर शाळेला भिते. आपण म्हणतो, "याला डोकेच नाही." पण दोष पोराचा नाही. एक म्हणजे केवढे आणि दहा म्हणजे केवढे, हे त्याने हातात धरून कधी पाहिलेच नाही.

इटली देशात मारिया माँटेसरी नावाच्या डॉक्टरबाई होत्या. 1907 साली रोम शहराच्या गरीब वस्तीत त्यांनी बालघर काढले. लहान मूल हाताने शिकते, हे त्यांनी ओळखले. मोजणी शिकवायला त्यांनी लहानमोठ्या दहा लाकडी दांड्या केल्या.

आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी हे काम खेड्यात नेले. 1945 साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी त्यांनी बालवाडी काढली. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. महागडी खेळणी खेड्याला कशी परवडणार? म्हणून त्यांनी बिया, पाने, शंख, काड्या अशा जवळच्या वस्तू वापरल्या. गरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी.

आपल्याजवळ बांबू आहे. चला, त्याच्याच दांड्या करू.

कसे करावे?

अंगठ्याएवढा जाड, भरीव, वाळलेला बांबू घ्या. एकूण 15 फूट लागेल. त्याच्या दहा कांड्या कापा. पहिली 3 इंच, दुसरी 6 इंच, तिसरी 9 इंच. अशी दर वेळी 3 इंच वाढवा. दहावी 30 इंच, म्हणजे अडीच फूट होईल.

पेराचे उंचवटे तासून टाका. नाहीतर पोर त्यालाच खूण समजेल. दोन्ही टोके गोल करा. काचकागदाने सगळे घासा. मग स्वतःचा हात फिरवून पाहा. कूस लागली तर पुन्हा घासा.

आता खुणा करा. प्रत्येक 3 इंचाचे एक घर धरा. घराच्या मधोमध तापलेल्या सळईने गोल चटका द्या. पहिल्या कांडीवर एक खूण येईल, दहावीवर दहा. हे काम मोठ्या माणसाने करावे. पोरांना दूर ठेवावे.

कसे खेळावे?

सगळ्या कांड्या मिसळून पोरापुढे ठेवा. त्याला त्यांची शिडी लावू द्या. चुकले तर रागावू नका. पायरी वेडीवाकडी दिसली की चूक त्याला आपोआप कळते.

मग एकेका खुणेवर बोट ठेवून मोजू द्या. बोट आणि तोंड बरोबर चालले पाहिजे.

पुढे दहाची कांडी खाली ठेवा. तिच्याशेजारी नऊची ठेवून विचारा, "आता हिला कोणती जोडशील?" पोर एकची जोडेल. आठला दोनची, सातला तीनची, सहाला चारची. पाच एकटी उरेल. हीच बेरीज! पाटी नाही, छडी नाही.

हे जपा

हा खेळ तीन वर्षांपुढच्या मुलांचा आहे. कांडी तोंडात धरून पळू देऊ नका. उरलासुरला तैलरंग खेळण्याला फासू नका. त्यात शिसे असू शकते, ते पोटात गेले तर मेंदूला अपाय होतो. मोजायला चिंचोके दिलेत तर जवळ बसा. लहान पोर ते नाकात घालते, गिळते. गुंजा तर मुळीच देऊ नका. त्यांचा दाणा विषारी असतो.

तुम्ही मोठेपणी अक्षर शिकलात. किती कष्ट पडले, ते तुम्हाला ठाऊक आहे. लेकराला तेवढे पडू नयेत. एक बांबू आणि तुमचा एक दिवस, एवढाच खर्च आहे.

सांगा पाहू

1. सातवी कांडी किती इंच लांब?
2. खूण घराच्या मधोमध का करायची?
3. तुमच्या घरचे पोर नाणी मोजते, की नुसते आकडे म्हणते? आज पाहा.