चतुराला कोण खातं?

पावसाळा सरत आला की शेतावर, तळ्याकाठी, गावच्या मैदानात चतुर उडू लागतात. चार पंख, मोठे डोळे, काडीसारखी लांब शेपटी. बसताना पंख पसरून बसतो तो चतुर. त्याचीच बारीक अंगाची बहीण म्हणजे टाचणी. ती बहुधा पंख पाठीवर मिटून बसते. दोघांनाही नांगी नाही, म्हणून भिण्याचं कारण नाही. मुलं त्याच्या शेपटीला दोरा बांधतात. तो खेळ मात्र बंद करावा.

चतुर डास खातो, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण जास्त काम करतं ते त्याचं पिल्लू. चतुराची मादी पाण्यात अंडी घालते. पिल्लू पाण्यातच वाढतं. काही जातींचं महिना-दोन महिन्यांत मोठं होतं, काहींना वर्षाहून जास्त लागतं. त्याचा खालचा ओठ कोपरात दुमडलेल्या हातासारखा असतो. डासाची अळी जवळ आली की तो ओठ झटकन पुढे येतो आणि अळी धरतो. ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, यांगून शहरात लोकांनी घरच्या पाण्याच्या भांड्यांत लाल चतुराची पिल्लं सोडून पाहिली. डेंग्यूचे डास पुष्कळ कमी झाले. हा प्रयोग १९९० साली छापून आला.

म्हणजे चतुर टिकतो की नाही, याच्याशी आपल्या घरच्या तापाचा संबंध आहे. म्हणून त्याला कोण कोण खातं, ते नीट पाहू.

पहिले वैरी पाण्यातच. बेडूक आहे, पाण्यातले मोठे किडे आहेत, काठावर बगळा आणि ढोकरी टपलेले आहेत. चतुराचं मोठं पिल्लू लहान पिल्लाला खातं, भाऊ म्हणून सोडत नाही. पण या सर्वांत मोठा वैरी मासा. मासा हललेलं पाहतो आणि धरतो. म्हणून मासे असतील तिथलं पिल्लू गवताच्या मुळाशी निपचित पडून राहतं. अगदीच गाठ पडली तर मागच्या बाजूने पाण्याची पिचकारी सोडतं आणि त्या जोराने पुढे सटकतं. टाचणीच्या पिल्लाला मागे तीन पानांसारखे कल्ले असतात. वैऱ्याने कल्ला धरला तर ते कल्ला तोडून पळतं. कल्ला पुन्हा उगवतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. डास कमी व्हावेत म्हणून गावोगाव गप्पी मासे सोडतात. गंबुशिया नावाचा तसाच मासा १९२८ साली परदेशातून आपल्या देशात आणला. सिमेंटच्या टाकीत, बंद पडलेल्या विहिरीत हे मासे उपयोगी आहेत. पण लव्हाळ्याच्या, गवताच्या जुन्या तळ्यात ते सोडावेत का? आमचं मत, सोडू नयेत. तिथे चतुराची पिल्लं आधीच कामाला असतात. हे मासे डासाची अळी खातात आणि चतुराचं नुकतं जन्मलेलं पिल्लूही खातात. मोठं पिल्लू उलट लहान माशाला धरतं, ही गोष्ट वेगळी.

माशांमुळे काय होतं, ते अमेरिकेतल्या फ्लोरिडा भागात तपासलं गेलं. तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. काही तळ्यांत मासे होते, काहींत नव्हते. मासे होते तिथे चतुर थोडे. चतुर थोडे, म्हणून काठच्या फुलांवर मधमाश्या व इतर माश्या जास्त. चतुर त्यांनाही खातो ना! मधमाशीला विचाराल तर ती चतुराबद्दल काही बरं बोलणार नाही.

पाण्यातून वाचलेल्या पिल्लाला पुढे सर्वांत कठीण वेळ येते. ते रात्री किंवा पहाटे लव्हाळ्याच्या काडीवर चढतं. पाठीवरची कातडी फाटते आणि आतून चतुर बाहेर येतो. अंग मऊ, पंख ओले आणि चुरगळलेले. पंख ताठ होईपर्यंत त्याला उडता येत नाही, पळताही येत नाही. मुंग्या येतात, कोळी येतो, बेडूक येतो. उजाडलं की पाखरं येतात. रात्रीची वेळ बहुतेक जाती निवडतात ती यासाठीच, कारण तेव्हा पाखरं झोपलेली असतात. सकाळी तळ्याकाठी काड्यांना चिकटलेल्या रिकाम्या काती पाहा. काठचं सगळं गवत कापून टाकलं तर चढायला काडीच उरत नाही.

एकदा उडू लागला की चतुराला धरणं सोपं नाही. त्याचा एकेक डोळा हजारो बारीक डोळ्यांचा असतो. तरी वेडा राघू त्याला धरतो. तारेवर बसून टेहळतो, झेप घेतो, परत येऊन भक्ष्य फांदीवर आपटतो आणि गिळतो. कोतवालही तसाच तरबेज. टाचणी हळू उडते, म्हणून ती कोळ्याच्या जाळ्यात फार सापडते. मोठा चतुर लहान चतुराला खातोच.

आता सर्वांत लांबचा पाहुणा. अमूर ससाणा नावाचा लहानसा शिकारी पक्षी चीन, रशियाकडून येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो लाखोंनी नागालँडात उतरतो. २०१२ साली तिथे जाळी लावून हे पक्षी फार मारले गेले. २०१३ साली गावकऱ्यांनीच ती शिकार थांबवली. तिथून ससाणे आपल्या देशावरून उडत अरबी समुद्र ओलांडतात आणि आफ्रिकेत जातात. समुद्रावर ना झाड, ना बसायला जागा. मग ते खातात काय? मालदीव बेटांवर राहणारे चार्ल्स अँडरसन यांनी पाहिलं, की दरवर्षी ऑक्टोबरात तिथे चतुरांचे थवे येतात. बेटांवर गोडं पाणी फार थोडं, म्हणजे ते तिथले नव्हेत. ते भारतातून वाऱ्याबरोबर आफ्रिकेकडे निघालेले असावेत, असं त्यांनी २००९ साली मांडलं. ससाण्यांची वाट तीच आणि दिवसही तेच. वाटेत उडता उडता ससाणे या चतुरांवरच पोट भरत असावेत, असा जाणत्यांचा तर्क आहे.