कड्यावरचा खेळ : नातीला चार गोष्टी

पोरी, तू पेबल बीचवर गोल्फ खेळणार हे ऐकून ऊर भरून आला. शिळफाट्याचं ट्रॅफिक सोसत भिवंडीहून खारघरच्या सिडको कोर्सवर जाऊन तू हात बसवलास, तो आता कामी येईल. नौदलात असताना मी कुलाब्याच्या यूएस क्लबात समुद्राला लागून खेळलो. तिथे हाडात मुरलेलं तेवढं सांगतो.

आधी वारा ओळख. चिमूटभर गवत उडवून फक्त आपल्या उंचीवरचा वारा कळतो. चेंडू त्याच्या कितीतरी वरून जातो. म्हणून झाडांचे शेंडे बघ, ग्रीनवरचा झेंडा बघ, पाण्यावरच्या लाटा कुठे कलतायत ते बघ.

वारा समोरून आला की माणूस जोर लावतो. नेमकं तेच करायचं नाही. जोरात मारलेला चेंडू जास्त गिरक्या घेतो, उंच चढतो आणि हवेतच अडतो. 8 नंबरऐवजी 7 किंवा 6 घे, चेंडू पायांमध्ये थोडा मागे ठेव, क्लब जरा खाली धर आणि पाऊण स्विंगने मार. पकड सैल हवी. यंत्रमागावर ताणा फाजील ओढला की तार तुटते, तसंच हे. पेबल बीचची हवा गार असते, त्यानेही चेंडू कमी जातो. आपल्या उकाड्यातले आकडे तिथे धरू नकोस.

सातवं होल 100 यार्डांहून थोडंसंच लांब आहे, उतारावर, पलीकडे समुद्र. सोपं वाटेल. 1992 च्या यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी वारा असा सुटला की टॉम काइटचा चेंडू इथे ग्रीनवर थांबला नाही. पण बाहेरून केलेली चिप थेट खड्ड्यात गेली आणि पुढे त्याने स्पर्धा जिंकली. ग्रीन चुकली तरी होल हातातून जात नाही, म्हणून चिपचा सराव करूनच जा.

आठव्यावर दुसरा फटका दरीवरून मारायचा आहे. तिथे कड्याशी गेलेला चेंडू शोधायला पुढे जाऊ नकोस. माझं एवढं ऐकच. काठाची माती कधी सुटेल, सांगता येत नाही. लाल खुंट्या असतील तर एका फटक्याचा दंड घे. चेंडूने जिथे हद्द ओलांडली तिथून दोन क्लबांच्या आत, होलच्या जवळ न जाता ड्रॉप कर. नियमच तशी सोय देतो.

ग्रीनवर डोळ्यांना चढ दिसला तरी चेंडू बहुधा समुद्राकडे ओढला जातो. तिथलं पोआ गवत दुपारपर्यंत खडबडीत होतं, म्हणून सकाळची वेळ माग.

खेळ झाला की क्लब गोड्या पाण्याने धू, कोरडे पूस आणि ओल्या टॉवेलसकट बॅगेत कोंबू नकोस. खारं पाणी एका रात्रीत गंज धरवतं.