ढेंकळांतील वस्ती

कोयनानगराच्या आसपास, पाटण तालुक्यांतील डोंगरउतारांवर भात व नाचणी पिकविणाऱ्या आपल्या बंधुभगिनींस माती कांहीं नवी नाहीं. तथापि ती माती जिवंत आहे, आणि तिच्यांतील जीव कोठें व कसे राहतात, हें समजून घेणें प्रत्येक शेतकऱ्यास हिताचें आहे. आजच्या धड्यांत आम्ही हाच विषय वाचकांपुढें ठेवितों.

चिमूटभर मातींत कोट्यवधि सूक्ष्म जंतु असतात. ते इतके लहान कीं, हजार जंतु एका ओळींत ठेविले तर ती ओळ सुमारें एक मिलिमीटर भरेल. अशा जीवाचें जग म्हणजे मातीच्या दोन कणांमधील फट, तींतील पाण्याचा पातळ थर आणि जवळचें कुजकें मूळ. म्हणून एकाच ढेंकळांत निरनिराळ्या वस्त्या असतात. बाहेरच्या बाजूस हवेवर जगणारे जंतु राहतात. ओल्या ढेंकळाच्या पोटांत हवेवांचून जगणारे राहतात.

भाताच्या खाचरांतहि असेंच आहे. पाणी सांचलें म्हणजे चिखलाच्या वरच्या कांहीं मिलिमीटर थराखालीं प्राणवायु उरत नाहीं. परंतु भाताचें रोप हवा मुळांपर्यंत पोंचवितें, आणि मुळाभोंवतींच्या बारीक कड्यांत वेगळे जंतु वस्ती करितात. हवेच्या जागीं एक जंतु खतांतील नत्राचें रूप पालटतात. तें नत्र बिनहवेच्या चिखलांत उतरलें म्हणजे दुसरे त्याचा वायु करून टाकितात. यासाठीं सांचलेल्या पाण्यावर युरिया फेंकणें म्हणजे पदरचा पैसा पुष्कळ अंशीं हवेंत उडविणें होय. पाणी उतरवून तो चिखलांत मिसळावा.

चवळीचें फुलावर आलेलें रोप हळूच उपटून पाहा. मुळांवर गांठी दिसतील. गांठ चिरल्यावर आंत गुलाबी दिसली तर तींतील जंतु हवेंतील नत्र पिकास देत आहेत असें समजावें.

कोयनेच्या खडकानेंहि हीच साक्ष दिली आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजीं येथें मोठा भूकंप झाला. अशा भूकंपांच्या अभ्यासासाठीं या भागांत खोल छिद्रें पाडण्यांत आलीं. त्यांतून निघालेल्या काळ्या दगडांत व त्याखालच्या ग्रॅनाइटांत, शेंकडों मीटर खोलीवर, जंतूंच्या खुणा सांपडल्याचें २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. जेथें ऊन नाहीं, तेथेंहि निर्माणकर्त्यानें जीवास जागा दिली आहे!

हे जीव केवळ जागेप्रमाणें राहतात असें नाहीं. ते आपली जागा घडवितातहि. त्यांचा चिकट रस व बुरशीचे तंतु मातीचे कण एकत्र बांधतात. असे कण मुसळधार पावसांत सहज वाहून जात नाहींत. राब भाजल्यानें तणाचें बीं मरतें व राखेचें खत मिळतें, हें खरें. पण वरच्या थरांतील वस्ती व तिचें अन्न असलेला पालापाचोळा हींहि जळतात. ज्या उतारावरील माती दर पावसाळ्यांत नदीस मिळते, तेथें पाला कुजवून शेतांत घालणें म्हणजे मुलाबाळांची भाकरी राखणें होय.

पेरणाऱ्याच्या दाखल्यांत बीं एकच होतें; फळ मात्र जागेप्रमाणें आलें. आपल्या खेड्यांतील मंडळ्या लहान आहेत, म्हणून कित्येक उपदेशकांचें मन खचतें. बंधूंनो, चार घरांच्या मंडळीनें आपली जागा प्रीतीनें राखली, तर तिच्यामुळें सारा गांव एकत्र बांधला जाऊं शकतो. आपणांस मोठें शेत सोंपविलें नसेल. दोन कणांमधील फट तरी सोंपविली आहे.

विचारासाठीं प्रश्न: (१) एका ढेंकळांत निरनिराळे जंतु कां राहतात? (२) आपल्या शेतांतील पाल्याचें आपण काय करितों? (३) आपल्या मंडळीच्या शेजारीं कोणतें घर एकटें पडलें आहे?