कवटीतला पूर डोळ्यांत दिसतो

गोदावरीला पूर आला, की पंचवटीत पहिला प्रश्न असतो, "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं?" गुडघे, कंबर, छाती ही नाशिककरांची पूरमापनपट्टी! डॉक्टर कवटीतला दाब असाच डोळ्यांत पाहतात.

कवटी म्हणजे हाडांची बंद पेटी. आत अर्बुद, म्हणजे गाठ, वाढू लागली की जागा अपुरी पडून दाब चढतो. पहाटे डोके दुखते, उलट्या होतात. (प्रत्येक डोकेदुखी अर्बुदाची नसते, घाबरू नका!) हा दाब दृष्टिचेतेभोवतीच्या द्रवातून पुढे पोहोचतो आणि तिचे डोळ्यातील टोक अनेकदा सुजते. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये जगापुढे आणलेल्या नेत्रदर्शकातून ती सूज दिसते.

पाऊस कोठे पडला, हे मात्र मारुती सांगत नाही. गाठीची जागा इतर लक्षणांवरून ताडतात. उजवा हात लुळा पडला तर मोठ्या मेंदूची डावी बाजू, तोल जाऊ लागला तर लहान मेंदू. मग एमआरआय चित्र काढतात.

गाठीची जात ठरते सूक्ष्मदर्शकाखाली. आता तिची जनुकेही तपासतात. मेंदूच्या आवरणांतली अर्बुदे बहुधा साधी, आधारपेशींतली कित्येक मारक, तर काही फुफ्फुसातून वा स्तनातून आलेली. पण बंद पेटीत साधी गाठही जीव घेऊ शकते. कारणे? पूर्वी डोक्यावर झालेले किरणोपचार, काही आनुवंशिक विकार. बहुतेक रुग्णांत यांपैकी काहीच आढळत नाही.